मैत्रीचे दोनशे पाय

सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात, धुलाईघराला लागून एक लांबट खोली होती. तिथे एकतीस वर्षं एक माणूस पाय बनवत होता. आधी लाकडाचे, मग प्लॅस्टिकचे. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच, बाकी सगळ्यांचे ते पायवाले. समोर मंत्री येवो नाहीतर सख्खा मेहुणा, पायवाल्यांची नजर आधी खाली जायची. "उजवा खांदा टाकून चालतोयस, टाच झिजली वाटतं?" हे त्यांचं "या, बसा". बायको वैतागून म्हणायची, "अहो, मी गेल्यावर लोक मला काय नेसवतायत तेही बघणार नाही तुम्ही. चप्पल बघाल."

तापट तर इतके की विचारू नका. एकदा बस थांब्यावर त्यांना एक सुतार लंगडताना दिसला. पाय त्यांनीच बनवलेला. भर गर्दीत त्यांनी त्याला फूटपाथवर बसवलं, पँट वर करायला लावली, पाय काढून घेतला आणि पिशवीतली कानस काढून तिथेच घासायला लागले. सुतार बिचारा लाजून अर्धा झाला.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. तीन महिने टोचतंय आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास? लाज त्याची वाटू दे."

दोन बसगाड्या निघून गेल्या. तिसरीत सुतार नीट चालत चढला आणि पायवाले उशिरा पोचल्याबद्दल हजेरीपुस्तकात लाल शेरा घेऊन बसले. त्या शेऱ्याचं त्यांना कोण कौतुक! आल्यागेल्याला दाखवायचे.

पाय कसा बनतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुडघ्याखाली जो पाय उरलेला असतो, त्याला आमच्याकडे सगळे खुंट म्हणतात. त्या खुंटाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्या घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरायचं. कारण भार तिथे सोसतो. हाडाच्या टोकावर आला की संपलं. मग त्या साच्यावरून आतली वाटी बनवायची, त्यात खुंट बसतो. प्रत्येकाचा खुंट निराळा, म्हणून प्रत्येकाची वाटी निराळी. आणि पहिल्या दिवशी चालायचं फक्त पंधरा मिनिटं. लगेच पाय काढून कातडीवरची लाली बघायची. दहा मिनिटांत लाली गेली तर ठीक. नाही गेली तर वाटी चुकली. पायवाले हातात घड्याळ घेऊन समोर बसत आणि म्हणत, "गेली तर पाय तुझा, राहिली तर पाय माझा." राहिलेला पाय ते खरोखरच परत घेत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

त्या वर्षी त्यांच्याकडे टपालवाली आली होती. वय चौतीस. टेकडीवरच्या वस्तीत पायऱ्या चढून चढून पत्रं वाटायची. एका ट्रकने पाय चिरडला आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याच्या आठ बोटं खाली कापला. घरात म्हातारे वडील, शाळकरी मुलगी आणि कमावणारी ही एकटी. टपाल खात्याने तिची जागा सहा महिने राखून ठेवली होती. त्याच्या आत खात्याच्या डॉक्टरसमोर चालून दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. चार महिने तर खाटेवरच गेले होते. पायवाल्यांनी खुंट बघितला. कडेचा एक टाका अजून ओला होता.

"दोन आठवडे थांब. टाका सुकला की माप घेऊ, महिन्याभरात पाय तयार. शेवटचे पंधरा दिवस सरावाला. घाई केलीस तर बघ."

"तुम्ही म्हणाल तसं काका," ती म्हणाली. सगळं बरोबर बसत होतं हो! अगदी दिवसाला दिवस लागून.

आणि मग पिवळे आले.

समुद्रापलीकडचा तो एक बडा देश. त्यांच्या झेंड्यात पिवळा पट्टा, म्हणून दवाखान्यात सगळे त्यांना पिवळेच म्हणत. एका सकाळी धुलाईघरासमोर हा एवढा लांब ट्रक उभा राहिला आणि त्यातून खोकी उतरायला लागली. दवाखान्याचे मोठे डॉक्टर स्वतः उन्हात उभे राहून मोजत होते. त्यांच्या शेजारी एक गुळगुळीत माणूस. आपल्याच गावचा, पण नोकरी पिवळ्यांच्या वकिलातीत. कोटाला दोन झेंड्यांचा बिल्ला. पायवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बिल्लेवाला ठेवून टाकलं.

"काका, दोनशे पाय!" बिल्लेवाला म्हणाला. "आमच्या जनतेकडून तुमच्या जनतेला मैत्रीची भेट."

पायवाल्यांनी एक खोकं फोडलं. गुलाबी रंगाचा पाय. आपल्या गावात त्या रंगाचं माणूस जन्मलेलं नाही. पोटरीवर हाताएवढी पिवळी पट्टी आणि तिच्यावर दोन भाषांत "मैत्री".

"मापं कुणी घेतली?"

"तीन मापं आहेत. लहान, मध्यम, मोठं."

"बनियन आणलेत का?"

मोठे डॉक्टर खोकले. पायवाल्यांनी सगळी खोकी तपासली. उजवे एकशे तीस आणि डावे सत्तर. "आधी कळवायचं होतं," ते म्हणाले, "लोकांनी त्या हिशेबाने कापून घेतले असते."

बिल्लेवाल्याला राग आला नाही. अशा लोकांना राग येतच नाही, तोच त्यांचा पगार असतो. तो पायवाल्यांच्या स्टुलावर बसला आणि समजावू लागला. "तोफा दाखवून आता कोण कुणाचं ऐकतं, काका? आता मनं जिंकायची. शिष्यवृत्त्या द्यायच्या, भाषेचे वर्ग काढायचे, सिनेमे दाखवायचे, पाय द्यायचे. माणसाला देश आवडला पाहिजे. एकदा आवडला की पुढचं सोपं."

"पुढचं म्हणजे काय?"

"ते वरचे बघतात."

वरचे काय बघत होते ते पेपरच्या पाचव्या पानावर बारीक अक्षरांत येत होतं. आपलं बंदर पन्नास वर्षांसाठी कुणाच्या हाती द्यायचं, पिवळ्यांच्या की निळ्यांच्या, याची बोलणी चालू होती. निळे म्हणजे दुसरा बडा देश. त्यांनी आदल्या वर्षी गावात वाचनालय बांधून दिलं होतं, आणि त्यात अर्धी पुस्तकं त्यांचा देश किती सुंदर आहे यावरच होती. पिवळ्यांना मागे राहून कसं चालेल? म्हणून पाय. पहिल्या पानावर पाय आणि पाचव्या पानावर बंदर. मला तर तो पेपर हातात धरवेना.

खरा दणका पुढेच होता. पायवाल्यांनी वाट्यांसाठी प्लॅस्टिकचे पत्रे मागवले होते. फुकटचे पाय येतायत म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांनी ती मागणीच रद्द करून टाकली होती. कोठीत अर्धा पत्रा शिल्लक होता, तोही तडकलेला. म्हणजे टपालवालीचा पाय बनवायला काही उरलंच नाही. आता तिला मिळणार तो या खोक्यातलाच.

नव्या मागणीचा अर्ज घेऊन पायवाले तीन वेळा मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. तिन्ही वेळा "समारंभ होऊन जाऊ दे" एवढंच ऐकून परत आले.

बिल्लेवाला मधल्या काळात रुग्णांच्या यादीतून फिल्मसाठी चेहरे निवडत होता. हो, चेहरे! कुणाचे दात पुढे म्हणून काढला, कुणी फार म्हातारी म्हणून काढली. टपालवालीपाशी येऊन तो थबकलाच. "वा! टपालवाली! घरोघरी मैत्रीचा निरोप पोचवणारी! हे तर आम्हाला लिहायला बसूनसुद्धा सुचलं नसतं."

"तिचा टाका ओला आहे," पायवाले म्हणाले.

"कॅमेऱ्यात नाही दिसणार."

हे वाक्य त्याने चहाचा घोट घेत म्हटलं. पायवाल्यांना शिसारी आली. ते उठून बाहेर गेले आणि धुलाईघराच्या नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आले.

घरी गेले तर आणखी तमाशा. त्यांची बायको शिवणकाम करायची. घरभर विजारी पसरलेल्या, आणि ती कात्रीने एकेक पाय गुडघ्यापाशी कापून दुमडत होती.

"हे काय?"

"दवाखान्याचं काम आलंय. दोनशे विजारी, सगळ्या गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यापर्यंत का?"

"म्हणे पोटरीवरची पट्टी दिसली पाहिजे." तिने दोरा दातांनी तोडला. "माझ्याकडे काय बघताय? मी कापड कापतेय. माणसं कापत नाहीये."

"माणसांना नागडं करतेस तू! जन्मभर जो पाय लोक झाकत आले तो चव्हाट्यावर मांडणार!"

"मग जाऊन सांगा ना तुमच्या मोठ्या डॉक्टरांना. माझ्यावर कसले डाफरताय?"

ती म्हणाली ते खोटं नव्हतं, म्हणून पायवाले जेवले नाहीत.

समारंभाच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. टेबलावर दोनशे फॉर्मांचा गठ्ठा. प्रत्येकावर छापलेलं: "सदर लाभार्थीस पाय व्यवस्थित बसला असून ती व्यक्ती दैनंदिन कामास योग्य आहे." खाली तंत्रज्ञाची सही.

"मी एकाचाही पाय बसवलेला नाही," पायवाले म्हणाले.

"उद्या बसेल. औपचारिकता असते हो."

"मी सही करणार नाही."

मोठे डॉक्टर वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा. वरून विचारणा झालीय की फुकट पाय मिळत असताना वेगळा कारखाना कशाला. तुमची खोली धुलाईघराला द्यायचा कागद तयार आहे. मी तो दाबून ठेवलाय. उद्या सगळं सुरळीत झालं तर तुमच्या पत्र्यांची मागणी मी स्वतः पाठवतो. आणि त्या टपालवालीचं बघा. उद्या टपाल खात्याचे साहेब येतायत. हा कागद हातात असला तर तिला परीक्षासुद्धा द्यावी लागणार नाही. तिचं वाटोळं करायचंय का तुम्हाला?"

पायवाल्यांनी मनाशी घोळवलं. कागद तर कागद. तिची नोकरी वाचेल. पंधरा मिनिटं घालेल, मग पत्रे आले की आपण तिला खरा पाय बनवून देऊ. खोली राहील. त्यांनी पेन घेतलं. पहिल्या दहा सह्या करताना हात जड होता, पुढे सवय झाली. टपालवालीचा फॉर्म मधेच कुठेतरी होता. तो कधी गेला ते त्यांना कळलंही नाही.

"तिला पंधरा मिनिटांच्या वर चालवायचं नाही," त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बजावलं. बिल्लेवाल्यालाही बजावलं. बिल्लेवाला म्हणाला, "हो हो, अर्थातच."

समारंभ दवाखान्याच्या पटांगणात झाला. मंडप, पिवळे फुगे, दोन देशांची गाणी. दोनशे माणसं अर्ध्या विजारींत खुर्च्यांवर ओळीने बसवलेली, पट्ट्या समोर. पायवाल्यांना मागे, वाहनतळाच्या दोरीपाशी जागा मिळाली. पिवळ्यांचे राजदूत बोलले, दुभाष्याने सांगितलं, "आम्ही पाय दिलेला नाही, आम्ही आमच्या हृदयाचा तुकडा दिला आहे." टाळ्या. मग टपालवाली खाकी गणवेशात, खांद्यावर पिशवी घेऊन व्यासपीठाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेली आणि राजदूतांना पत्र दिलं. कॅमेरावाल्याला उजेड पटला नाही. पुन्हा चालवलं. मग राजदूतांचा हात कॅमेऱ्याच्या आड आला. पुन्हा. पायवाले मोजत होते. सहा वेळा चालवलं तिला, आणि दर वेळी हसायला लावलं. टपाल खात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

पायवाले घड्याळ घेऊन व्यासपीठाकडे निघाले, तिचा पाय काढून लाली बघायला. दोरीपाशी शिपायाने अडवलं. "पास?" पास नव्हता. तोवर तिला गाडीत बसवून नेलं. टेकडीवरच्या पायऱ्यांवर चित्रीकरण आहे म्हणे, आजचा दिवस आणि आणखी दोन.

"तीन दिवस?" घरी हे ऐकून बायको म्हणाली. "अहो, मग जाऊन बघा ना. टेकडी काय लांब आहे?"

"मला पास मागतात! एकतीस वर्षं या हातांनी पाय बनवले आणि मला पास मागतात! जाऊ दे खड्ड्यात. आणि दुखलं तर ती सांगेल की. लहान आहे का?"

फुगून बसले घरात. तीनही दिवस.

चौथ्या दिवशी टपालवालीला स्ट्रेचरवरून आणलं. ताप चढलेला. पिवळ्या पट्टीचा पाय काढला तेव्हा वाटीत रक्त आणि पू साचलेला होता आणि ओला टाका उसवून आत हाड दिसत होतं. चित्रीकरणात तिला दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसाला सहा. पायवाल्यांनी वाटी उचलून बघितली आणि तिथेच खिडकीतून बाहेर ओकले. आठवडाभर डॉक्टरांनी झटून पाहिलं. मग पाय पुन्हा कापला. या खेपेला गुडघ्याच्या वर.

बिल्लेवाल्याने फुलांचा गुच्छ पाठवला. त्याला पिवळी फीत होती.

त्याच आठवड्यात मोठ्या चौकातल्या पडद्यावर तिची फिल्म लागली. पायऱ्या चढते, हसते, म्हातारीच्या हातात पत्र देते. शेवटी अक्षरं येतात, "आम्ही तुमच्यासोबत चालतो." लोक थांबून बघत, बायका डोळे पुसत. काय तो निर्लज्जपणा! बाई खाटेवर मांडीचा खुंट घेऊन पडलेली आणि चौकात ती दर वीस मिनिटांनी पायऱ्या चढतेय. बंदर पिवळ्यांना मिळालं. टपाल खात्याच्या साहेबांनी सहा महिने पूर्ण होताच जागा दुसऱ्याला दिली, नियमाप्रमाणे. आणि पायवाल्यांचे पत्रेही आले बरं का! मोठ्या डॉक्टरांनी शब्द पाळला.

दोन महिन्यांनी जखम भरली आणि पायवाल्यांनी टपालवालीला मापाला बोलावलं. मांडीच्या खुंटाचं काम अवघड असतं, त्यात गुडघाही बनवायचा. ती बाकावर बसली होती, पायवाले खाली बसून ओल्या पट्ट्या गुंडाळत होते, तेवढ्यात दारात एक बाई आली. मागे कॅमेरावाला. बाईच्या कोटाला निळा बिल्ला.

"आम्हाला सगळं कळलंय," ती गहिवरून म्हणाली. तो गहिवरसुद्धा नोकरीतलाच. "पिवळ्यांनी यांच्या आयुष्याची माती केली. जगाला हे कळलं पाहिजे. आमच्याकडे यांत्रिक गुडघा आहे, तो आम्ही यांना भेट देऊ. यांनी फक्त कॅमेऱ्यासमोर कहाणी सांगायची. जखम जरा दाखवता येईल का?"

पायवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचं प्लास्टरच्या गढूळ पाण्याचं घमेलं त्यांनी उचललं आणि सरळ दारात भिरकावलं. बाई किंचाळली, कॅमेरावाला कॅमेरा पोटाशी धरून धुलाईघरापर्यंत पळाला.

"चालते व्हा! गिधाडं मेली! एक पाय खाऊन गेला, दुसरा हाडं चघळायला आला! पुन्हा या दारात दिसलात तर उकळतं ओतेन!"

दार लावून घेतलं. छाती धपापत होती, पण कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं. खाली बसून ते पुन्हा पट्ट्या गुंडाळायला लागले. "बघितलंस? कशी पळाली! यांना असंच पाहिजे."

टपालवाली हसली नाही. "काका, एक विचारू?"

"विचार की."

"मला पहिल्याच दिवशी दुखत होतं. व्यासपीठावरच. मी बिल्लेवाल्यांना म्हटलं, काढते मी हा पाय. त्यांनी मला फॉर्म दाखवला. खाली तुमची सही होती." ती रागाने बोलत नव्हती. मुलीच्या शाळेबद्दल बोलावं तशी बोलत होती. "मला वाटलं, पायवाल्यांनी सही केलीय म्हणजे पाय बरोबरच असणार. मलाच सवय नाही, मीच नाटकं करतेय. म्हणून मग गप्प बसले. गोळ्या घेतल्या आणि चालत राहिले."

पायवाल्यांचे अंगठे ओल्या प्लास्टरवर तसेच राहिले.

"सही करण्याआधी तुम्ही तो माझ्या पायात बघितला होतात का, काका?"

खोलीचं सांगावं, पत्र्यांचं सांगावं, तिच्या नोकरीसाठीच केली हे सांगावं, असं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं.

"नाही," पायवाले म्हणाले.